झाकणाची आतली बाजू

अण्णांनी मला वाचायला शिकवलं. तेव्हा मी बी.एस्सी. झालेला होतो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावात नारळ-टॉवेल देऊन माझा सत्कार झाला होता, आणि त्या पदवीच्या जोरावर मी बिदरच्या कडेला, कोळारच्या औद्योगिक वसाहतीत, एका गोदामात खोकी मोजत होतो. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी अण्णांचं नाव घेतो. अण्णा हे त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्याकडे थोरल्या भावाला अण्णा म्हणतात आणि सगळी गल्ली त्यांना तशीच हाक मारायची. उमेदीची वर्षं त्यांनी विमानदलात विमानांच्या देखभालीवर काढली होती. निवृत्त होऊन ते बिदरला परत आले आणि जुन्या विमानांचे सुटे भाग गोळा करू लागले.

हा छंद ऐकून लोक हसतात. पण विमानंही म्हातारी होतात, मोडीत निघतात, लिलावात जातात, आणि मग त्यांचे तुकडे एका भंगारवाल्याकडून दुसऱ्याकडे जात कुठल्या कुठं पोचतात. औरादच्या पुढं एका वस्तीवर ज्वारीच्या कणगीवर विमानाच्या पंखाचा पत्रा झाकलेला आम्ही पाहिला. हुमनाबादच्या रस्त्यावर एका चहावाल्यानं उंची दाखवणारं यंत्र भिंतीवर टांगलं होतं. ते बंद पडलेलं घड्याळ आहे अशी त्याची समजूत होती, आणि मिलिटरीचं घड्याळ एवढ्या लवकर बंद कसं पडलं याचं त्याला वाईट वाटायचं.

अण्णांची आणि माझी पहिली भेट बिदरच्या एका भंगारच्या दुकानात झाली. गोदामातल्या मांडणीसाठी मी जुने अँगल बघायला गेलो होतो. एक सडसडीत, पिकल्या मिशांचा माणूस पोत्यांवर पालथा पडून भिंगातून काहीतरी बघत होता. त्यानं मान न वळवताच विचारलं, "शिकलेला हाईस का?"

"व्हय. बी.एस्सी."

"मग हे काय हाय, सांग."

हातात एक तपकिरी चकती आली. कडेला खाच, मध्ये भोक.

"पुली हाय."

"कशाची?"

"आडाची आसंल."

"आडाला असली पुली लावायला तुझा आजा नवाब होता का?"

दुकानदार हसला. मी ओशाळलो. अण्णा उठून बसले आणि पँट झटकत म्हणाले, "वजन बग. लोखंड हाय का? न्हाई. लाकूड? तेबी न्हाई. कापड आन् राळ दाबून केलेलं हाय. मदी बेअरिंग. कामून? वजन नको आन् तार झिजाया नको म्हणून. आता कडंला बग. काय लिवलंय?"

मला नुसते ओरखडे दिसत होते. भिंग धरल्यावर त्यातून बारीक अक्षरं आणि आकडे वर आले. मी ते मोठ्यानं म्हणून दाखवले.

"हे डोळ्यानं वाचलास," ते म्हणाले. "आता डोक्यानं वाच."

मग त्यांनी सांगितलं की पहिले दोन आकडे विमानाची जात सांगतात, पुढचे विमानाचा कोणता भाग ते सांगतात, आणि शेवटचे त्या भागातली ही नेमकी वस्तू. ती चकती एका जुन्या शिकाऊ विमानाच्या शेपटीकडे जाणाऱ्या तारेची होती. मी गोदामात रोज शेकडो खोक्यांवरचे आकडे लिहून घेत होतो, पण आकड्याला विचारलं तर तो बोलतो, हे मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर माझे रविवार अण्णांचे झाले. त्यांच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती. आत मांडण्या, आणि मांडण्यांवर भाग: कप्प्या, कड्या, बिजागऱ्या, नळ्या, काटे तुटलेली यंत्रं. प्रत्येकाला सुतळीनं बांधलेलं एक कार्ड. कार्डावर तीन ओळी: कुठं मिळालं, काय दिसतं, काय वाटतं. दुसरी आणि तिसरी ओळ कधी एक करायची नाही. "दिसतंय ते आन् वाटतंय ते एका ओळीत लिवलं की माणूस खोटं बोलाया लागतंय," असं ते म्हणायचे. आणि एक नियम सगळ्यांत आधीचा. सापडलेली वस्तू धुवायची नाही. धूळ मऊ ब्रशनं झाडायची, भिंगानं पाहायचं, लिहून घ्यायचं, आणि मगच पुढं. कारण धातूत ठोकलेले आकडे राहतात, पण तपासनिसाचे शिक्के शाईचे असतात. ते तेलाच्या आणि मळाच्या थराखाली वर्षानुवर्षं सुखरूप राहतात आणि एका फडक्यानं जातात.

याच खोलीत त्यांनी मला व्हर्निअर धरायला शिकवला, यंत्राचे आराखडे वाचायला शिकवले. त्या जोरावर मी गोदाम सोडून त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस झालो. मुलाखतीत साहेबांनी एक तुटका बोल्ट पुढं ठेवला आणि विचारलं, काय सांगता येईल? मी म्हणालो, आधी दिसतंय ते सांगतो. मला तिथंच ठेवून घेतलं. आज माझं जे घर चाललंय, ते त्या वाक्यावर चाललंय.

अण्णांना स्वतःला मात्र एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी मला दोन-तीन वर्षांनी सांगितली. नोकरीच्या शेवटच्या काळात ते तपासनीस होते. प्रत्येक तपासनिसाला एक गोल रबरी शिक्का असतो, त्यात त्याचा आकडा. अण्णांचा आकडा एकसष्ट. त्यांनी पाहून पास केलेल्या प्रत्येक भागावर जांभळ्या शाईत तो गोल उमटायचा. निवृत्तीच्या दिवशी शिक्का जमा करून ते रिकाम्या हातानं घरी आले. तेव्हापासून ते भंगारात एकसष्ट हुडकत होते. इतक्या वर्षांत चाळीस सापडला होता, अठरा सापडला होता, त्या माणसांना ते ओळखतही होते. एकसष्ट सापडला नव्हता.

वहिनी त्यावरून त्यांना सोडायच्या नाहीत. "लग्नाच्या पत्रिकेवर नाव हाय तुमचं. ते बगा की. ते नीट छापलेलं हाय."

"त्याच्यावर तपासणीचा शिक्का कुटं हाय?"

"माझ्या बापानं केली होती तपासणी. चुकली, एवढंच."

ही थट्टा चालू असतानाच अण्णांच्या डोळ्यांचं निघालं. आधी ते जिन्याच्या कडेला ठेचकाळू लागले, मग मोटारसायकलवर बसताना पायरी चुकू लागली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती टिकेल ते औषधावर. "कडंकडंनं अंदार यायलाय," अण्णा म्हणाले. "मदलं अजून साफ हाय. एक आकडा दिसण्यापुरतं पुरं हाय." त्यानंतर भंगारच्या दुकानात ते आधीपेक्षा घाई करू लागले आणि मला त्याची भीती वाटू लागली. मनाशी ठरवलं की त्यांची नजर जायच्या आत एकसष्ट मीच त्यांच्या हातात ठेवीन. असं ठरवताना किती बरं वाटलं होतं, ते आठवतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी कामानिमित्त बसवकल्याणला गेलो होतो. परतताना बसस्टँडमागच्या एका भंगारवाल्याकडे डोकावलो. दाराशी एक पोतं तोंड बांधायच्या बेतात होतं आणि वरच एक अंडाकृती झाकण होतं, हाताच्या पंजाएवढं, मध्ये अर्ध्या फेऱ्यात उघडणारी कळ. मी ते पाहताक्षणी ओळखलं. पंखाच्या पोटाखालचं झाकण, अण्णा ज्या विमानांवर होते त्याच जातीचं. पोत्यात तसली आणखी चार-पाच होती.

"एकच लेव साब," दुकानदार म्हणाला. "बाकी सब का तोल हो गया, बोरा बंद करना है. अगले हप्ते हैदराबाद का ट्रक आता."

मी एक घेतलं. आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा जाड थर होता. रुमालात गुंडाळून घरी आणलं. रात्रभर ठेवून सकाळी भिंगाखाली पाहायचं, आणि दसऱ्याला अण्णांना सोनं म्हणून द्यायचं, असं मनात होतं.

पण मधली सकाळ खंडेनवमीची होती. आमचं घराणं मेंढरं राखणारं. मेंढरं कधीच विकली गेली, वडीलही गेले, पण लोकर कातरायची त्यांची कातर अजून घरात आहे आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. आदल्या दिवशीपासून विळा, कुऱ्हाड, कातर, सगळं घासायचं. रॉकेल, विटेची भुकटी, काथ्या. वडील घासायचे तेव्हा पात्यात तोंड दिसायला लागेपर्यंत थांबत नसत. देवापुढं मळकं लोखंड ठेवायचं नाही, हे मला अ आ इ ई च्या आधी शिकवलं गेलं. त्या सकाळी मी अंगणात बसून कातर घासली, माझा व्हर्निअर पुसला, आणि मग झाकण घेतलं.

आईनं विचारलं, "हे कशाचं रे?"

"इमानाचं हाय. अण्णाला द्यायचंय. आज पूजंला ठेवू, उद्या देऊ."

"मग नीट घास की. कुणाला द्यायची वस्तू अशी देतेत का?"

आईवर मी काही ढकलत नाही. तिला शिक्क्याचं काय ठाऊक. मला ठाऊक होतं. चार वर्षं मी तो नियम दुसऱ्यांना ऐकवत होतो. तरी माझे हात वडिलांचे झाले. बाहेरची बाजू घासली, ती चांदीसारखी निघाली. मग उलटं केलं आणि पेट्रोलचा बोळा त्या ग्रीसवर गोल गोल फिरवला, काथ्यानं रेटलं. खरं सांगायचं तर अण्णांच्या हातात मळकी वस्तू द्यायची मला लाज वाटत होती. आमच्या घरात मळकटपणा म्हणजे गरिबी, आणि अण्णांपुढं मला गरीब दिसायचं नव्हतं.

बोळा उचलला तेव्हा त्यावर जांभळा रंग होता.

मी तिथंच थांबलो. झाकण उन्हात धरलं. हिरवट-पिवळ्या रंगावर गोलाची डावी अर्धी कड होती, आणि उजवीकडे एक उभी रेघ. बाकी सगळं बोळ्यात आलं होतं. इंग्रजी आकड्यांत उभी रेघ एकाची असते, साताचीही असते, चाराचीही असते. मी भिंग आणलं, तिरपा उजेड घेतला, अण्णांनी शिकवलेलं सगळं केलं. तिथं वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी उरलेली अर्धी कड आणि ती रेघही पुसून टाकली. अर्धं दिसलं असतं तर उरलेलं कुठं गेलं, असं अण्णांनी विचारलं असतं.

दसऱ्याला सकाळी अण्णा विहारात जातात. पांढऱ्या कपड्यांत परत आले तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. "जयभीम अण्णा," म्हणालो आणि झाकण पुढं केलं.

त्यांनी आधी वजन पाहिलं. मग कळ फिरवली, आणि तोंडावर असं हसू आलं की मला खाली बघावं लागलं. "आपलंच हाय रं हे. असली मी किती उघडली आन् किती लावली." मग ते उलटं करून आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. हसू गेलं.

"लई गुळगुळीत लागायलाय. कुणी घासलं?"

"दुकानदारानं घासलं आसंल."

"शिक्का होता का?"

"न्हाई. कायबी नव्हतं."

"त्याचा तर काय दोष," ते दुकानदाराबद्दल म्हणाले. "त्याला कोण सांगणार." आणि माझ्यापुढं कोरं कार्ड सरकवलं. त्यांना आता बारीक लिहिणं जमत नव्हतं. मी पहिल्या ओळीत लिहिलं, बसवकल्याण, भंगारचं दुकान. दुसऱ्या ओळीत, काय दिसतं याच्यापुढं, लिहिलं: आत कोणतीही खूण नाही. तिसरी ओळ अण्णांनी सांगितली. सुतळीची गाठ मीच मारली.

बोलता बोलता माझ्या तोंडून पोत्यातल्या इतर झाकणांचं निघून गेलं. अण्णा उभेच राहिले. "आनखी चार-पाच हाईत? मग बसलास कामून? चल, उद्याच जाऊ."

"उद्या ड्युटी हाय अण्णा. रविवारी जाऊ."

रविवार आला तेव्हा मी चुलत बहिणीच्या सोयरिकीचं कारण सांगितलं. सोयरीक खरी होती, पण मला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. अण्णांना घेऊन त्या दुकानात गेलो तर दुकानदार सरळ सांगणार होता की आपण घासलं नाही, साहेबांनी नेलं तेव्हा काळं होतं. म्हणून मी बुधवारी रजा टाकून एकटा गेलो. वाटलं, सगळं पोतं उचलून आणतो, त्यात एकसष्ट निघाला की झालं गेलं फिटेल.

दुकानापुढची जागा झाडलेली होती. "ट्रक सोमवारकू गया साब," दुकानदार म्हणाला. "उस दिन बोले रहते तो रोक लेता था मैं."

म्हणजे रविवारी अण्णांना मागं बसवून गेलो असतो तर पोतं तिथंच होतं. अण्णांना मी एवढंच सांगितलं की ट्रक गेला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "भंगार कुणासाठी थांबतंय."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मधलं साफ होतं तेही धूसर झालं. घर बंद करून अण्णा आणि वहिनी मुलीकडे, म्हणजे ताईंकडे, गुलबर्ग्याला राहायला गेले. जाण्याआधी अण्णांनी मला खोलीत नेलं आणि सगळा संग्रह माझ्या स्वाधीन केला. मांडण्यांवरून हात फिरवत, कार्डं चाचपत ते पुढं चालले होते. झाकणाच्या कार्डावरूनही हात फिरला. "कार्डं खरी हाईत तवर हा माल हाय," ते म्हणाले. "न्हाई तर हे बी भंगारच." मी "व्हय अण्णा" म्हणालो.

आता हा संग्रह माझ्या घरामागच्या खोलीत आहे. रविवारी कॉलेजची मुलं येतात, दूरदूरचे हौशी लोक फोटो मागवतात. या महिन्याच्या सुरुवातीला अशाच एका अभ्यासकानं सगळ्या कार्डांची नक्कल मागितली. मी रोज थोडी थोडी उतरवत होतो. आत कोणतीही खूण नाही, या ओळीपाशी आलो आणि पेन पुढं जाईना. तोपर्यंत ती चूक माझ्या आणि अण्णांच्या मधली होती. ही नक्कल गेली असती तर माझं खोटं अण्णांच्या कामात बसलं असतं, त्यांच्या नावावर. त्याच दिवशी नक्कल बाजूला ठेवली, बसवकल्याणला दुकानदाराकडे जाऊन आलो आणि मग त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं.

अण्णांना जयभीम,

हे पत्र ताई वाचून दाखवतील. ताई, तुम्ही मराठी सावकाश वाचता म्हणून अक्षर मोठं काढलंय. मध्ये वाचावंसं वाटलं नाही तरी थांबू नका, काही गाळू नका.

अण्णा, बसवकल्याणचं झाकण दुकानदारानं घासलं नव्हतं. मी घासलं. खंडेनवमीला, पूजेला ठेवायचं म्हणून, पेट्रोलनं. आत शिक्का होता. मला दिसला तेवढा लिहितो. जांभळी शाई. गोलाची डावी अर्धी कड. आत उजवीकडे एक उभी रेघ, म्हणजे शेवटचा आकडा. तो एक असेल, सात असेल, चारही असेल. तिच्या आधी काय होतं ते मी पाहिलं नाही, पाहायच्या आत गेलं होतं. तुमचा होता असं मी म्हणू शकत नाही. नव्हता असंही म्हणू शकत नाही. आणि जे उरलं होतं तेही मी नंतर मुद्दाम पुसलं, तुम्ही विचाराल म्हणून.

त्या रविवारी मला सोयरिकीला जायचं नव्हतं. दुकानदार खरं सांगेल म्हणून मी तुम्हाला नेलं नाही. ट्रक सोमवारी गेला. रविवारी गेलो असतो तर पोतं मिळालं असतं, आणि तुम्हाला तेव्हा दिसत होतं. हे मला दुरुस्त करता येत नाही. मी खूप विचार केला, त्याला वाट नाही.

दुकानदाराला तुम्ही दोष दिला नाहीत, पण त्याचं नाव मी घेतलं होतं. त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, साब, मुझे तो याद भी नै.

कार्ड मी बदललेलं नाही. तुमच्या खोलीतलं कार्ड तुम्हाला न विचारता बदलणं बरोबर वाटलं नाही. वर लिहिलंय तसंच दुसऱ्या ओळीत लिहू का? आणि कुणी पुसलं तेही लिहावं असं मला वाटतं. तुम्ही सांगाल तसं करतो. तोवर नक्कल कुणालाही पाठवत नाही.

तुम्ही मला शिकवलंत म्हणून आज मी चार घास खातो आणि चार लोक मला विचारायला येतात. ते येतात तेव्हा मला तुमच्या पत्र्याच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं आणि तोंड वर करवत नाही. एवढे दिवस गप्प राहिलो, त्याचं कारण भीती होती. दुसरं काही सांगितलं तर तेही खोटं होईल.

या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळच्या बसनं मी गुलबर्ग्याला येतो. झाकण बरोबर आणू का, एवढं ताईंना कळवायला सांगा. नको म्हणालात तर नुसता येईन, आणि येऊच नको म्हणालात तर तेही कळवा, मी ऐकेन.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत असालच. आईनं वहिनींना विचारलंय.

तुमचा